मुंबईत हॉस्टेलात तीन रात्री राहिलो. आपल्या सोलापुरात असं का नाही?

ताणाबाणा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी सॅम्पलिंगचं काम बघतो. वर्षातून चार-पाच वेळा नमुन्यांची बॅग घेऊन मुंबईला जावं लागतं. इतकी वर्षं सगळं ठरलेलं होतं. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी दादर, दिवसभर काम आणि मुक्काम डोंबिवलीला मामेभावाकडे. वहिनी कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण घर दीड खोलीचं, आणि दोन वर्षांपासून मामी अंथरुणाला खिळलेली. मी गेलो की भाऊ स्वयंपाकघरात ओट्याजवळ पथारी टाकतो आणि स्वतःची जागा मला देतो. ते मला बघवत नाही.

मागच्या खेपेला म्हणून एका स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलो होतो. बाराशे रुपये, खिडकी नाही, गादीला ओल, बाथरूमच्या दाराला कडी नाही. कारखान्यातून राहण्या-जेवणाचे मिळून दिवसाला पंधराशे मिळतात, त्यातून याहून चांगलं काही मिळेल असं वाटत नव्हतं. आमच्याकडची डिझाइन बघणारी मुलगी म्हणाली, "दादा, हॉस्टेल बघा की." माझ्या डोक्यात हॉस्टेल म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, लोखंडी कॉट आणि पातळ आमटी. तिने फोनवर फोटो दाखवले. भिंतीवर भलंमोठं चित्र, बांबूचे दिवे, खाली बसायला गाद्या-लोड, कोपऱ्यात पुस्तकं. मला वाटलं, हे पंचविशीतल्या पोरांचं काम. मी त्रेचाळीसचा. तरी फोन करून विचारलं, वयाची अट आहे का? पलीकडचा मुलगा म्हणाला, "नाही काका, फक्त आधारकार्डावर पत्ता मुंबईचा नको." बऱ्याच हॉस्टेलांत गावातल्याच माणसाला बेड देत नाहीत, हे तेव्हा कळलं. काही ठिकाणी वयाची अटही असते, म्हणून आधी फोन केलेला बरा.

अंधेरीला आठ बेडच्या खोलीत खालचा बंक मिळाला, रात्रीला ८५० रुपये. बंक म्हणजे प्लायवूडचं तीन बाजूंनी बंद खोपटं म्हणा. चौथ्या बाजूला जाड पडदा. आत उशाशी छोटा दिवा, दोन प्लग, चष्मा आणि फोन ठेवायला वीतभर फळी. बंकाखाली लोखंडी खण, कुलूप आपलं आपण आणायचं. मी आणलं नव्हतं, नमुन्यांच्या बॅगेचं काढून लावलं. पडदा ओढला, दिवा लावला आणि खरं सांगतो, मुंबईत पहिल्यांदा मला माझी अशी जागा मिळाली. भावाकडे प्रेम आहे, पण तिथे मी रात्री दहा वाजता दिवा लावून हिशेब लिहू शकत नाही.

आता टॉवेलबद्दल, कारण आमचा धंदाच तो. टॉवेल भाड्याने, ५० रुपये. हातात घेतल्याबरोबर बोटांनी कळलं की पातळ आहे. ७० बाय १४० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे क्षेत्रफळ जवळपास एक चौरस मीटर, त्यामुळे त्याचं ग्रॅममधलं वजन आणि जीएसएम (दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) हे जवळजवळ एकच. हा साडेतीनशेच्या आसपास असावा. आधी मला राग आला. पन्नास रुपये घेऊन असा टॉवेल! पण नखाने एक लूप ओढून पाहिला, सुटला नाही. काठ दुहेरी दुमडून शिवलेला, धुऊन धुऊन रंग उतरलेला पण किनार वाकडी झालेली नाही. आंघोळ करून बंकाच्या दांडीला टाकला, रात्री जेवून येईपर्यंत कोरडा. मग लक्षात आलं की हा निवड करणारा माणूस जाणकार आहे. पाचशे-सहाशे जीएसएमचा गुबगुबीत टॉवेल आठ माणसांच्या खोलीत वाळतच नाही आणि दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. स्वस्त माल आणि विचार करून घेतलेला हलका माल यांत फरक असतो, तो मला तिथे दिसला.

पांघरूण मात्र पॉलिएस्टरचं. एसी बावीसवर आणि ते निसरडं पांघरूण रात्रभर अंगावरून घसरत होतं. मला आपल्या चादरीची फार आठवण आली.

दुसऱ्या संध्याकाळी खालच्या बैठकीत चहा घेत बसलो होतो. केरळचा एक मुलगा, नाशिकची एक मुलगी, नागपूरचे एक निवृत्त गृहस्थ. "तुम्ही कुठले?" सोलापूर म्हटल्यावर तिघेही एकदम म्हणाले, "चादर!" मी वर जाऊन नमुन्यांची बॅग आणली. सगळ्यांनी टॉवेल हाताळले, गालाला लावून पाहिले. त्या केरळच्या मुलाला मी उभा धागा, आडवा धागा आणि लूपचा तिसरा धागा वेगवेगळा करून दाखवला. तासभर कसा गेला कळलं नाही. मग नाशिकची मुलगी म्हणाली, "मला नान्नजला माळढोकच्या अभयारण्यात जायचंय, नळदुर्गला जायचंय. सोलापुरात एकटीने असं राहायला कुठे मिळेल?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हा धागा. सोलापुरात हॉटेलं आहेत, लॉज आहेत, आसपासच्या देवस्थानांची भक्तनिवासं आहेत. पण एकट्या माणसाला सात-आठशेत स्वच्छ बेड, पडदा, कुलपाचा खण आणि चार माणसांत बसून चहा, असं माझ्या माहितीत नाही. कोणाच्या माहितीत आहे का? नसेल तर का नसावं?

---

निवृत्त_वाहक

तुमचा अनुभव मनापासून वाचला. एकच गोष्ट सांगतो, एका खोलीत अनोळखी माणसांसोबत झोपणं आपल्याकडे नवीन नाही.

माझा थोरला भाऊ १९७० च्या सुमारास लालबागला गिरणीत होता. गावकऱ्यांनी मिळून एक खोली घेतली होती, त्यात वीस-बावीस माणसं. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला येऊन पडायचा. जेवण खानावळीत. मी सुट्टीत गेलो होतो तेव्हा मला गॅलरीत जागा मिळाली होती. पंढरपूरला वारीत मठात झोपलोय, तिथेही कडेला कोण आहे ते सकाळी तोंड धुताना कळायचं.

त्या खोलीत आपुलकी फार होती. कोणी आजारी पडला तर बाकीचे पाळी बुडवून बसायचे. पण भाऊ एकदा मला म्हणाला होता, "इथं रडायला जागा नाही." आमचे वडील गेल्याची तार त्याला त्या खोलीत मिळाली होती. तुम्ही पडद्याबद्दल लिहिलंत ते वाचताना मला तेच आठवलं. खोली वाटून घेणं जुनंच आहे, तुमच्या हॉस्टेलाने त्यात पडदा आणि कुलूप घातलं. ही लहान गोष्ट नाही.

---

मृणाल_जो

मी पुण्याची. मागच्या वर्षी एका परीक्षेसाठी सोलापूर केंद्र आलं होतं. पेपर सकाळी नऊला, रिपोर्टिंग साडेसातला, केंद्र शहराबाहेर. आदल्या दिवशी पोचणं भाग होतं. एका लॉजवर फोन केला तर पहिला प्रश्न, "सोबत कोण आहे?" एकटीच म्हटल्यावर खोली नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणीही तेच. शेवटी बाबांनी रजा काढली आणि माझ्यासोबत आले. दोघांचं येणं-जाणं, दोघांचं जेवण, खोली, सगळं मिळून परीक्षेच्या फीच्या कितीतरी पट गेले. बाबांना मधुमेह आहे, त्यांचे जेवणाचे हाल झाले ते वेगळंच.

त्यानंतर मी जयपूरला एकटी गेले आणि फक्त मुलींच्या सहा बेडच्या खोलीत राहिले. त्या खोलीला वेगळं किल्ली-कार्ड होतं, बाथरूम आतच होतं. वरच्या बंकवरच्या मुलीची पहाटे पाचची गाडी होती. तिने रात्रीच बॅग भरून दाराजवळ ठेवली आणि कोणाला कळूही न देता निघून गेली. दहानंतर खोलीत दिवा नाही, फोनवर बोलायचं असेल तर बाहेर, हे नियम दारावर लिहिलेले होते आणि सगळ्या पाळत होत्या. घरी मला इतकी शांत झोप लागत नाही.

आता मी बुकिंग करताना मुद्दाम बघते ते असं. मुलींची खोली वेगळी आहे का, तिचं बाथरूम आत आहे की जिन्याखाली. रात्री कोणी माणूस काउंटरला असतो का. आणि अभिप्राय वाचताना फक्त मुलींचे, फक्त गेल्या दोन-तीन महिन्यांतले. भिंतीवरचं चित्र दहा वर्षं तसंच राहतं, बाथरूम दोन महिन्यांत बिघडतं.

सोलापुरात असं काही निघालं तर माझ्यासारख्या शेकडो मुली येतील. परीक्षा तर चालूच असतात.

---

र्‍हाईनकाठी

मूळचा सोलापूरचा, रेल्वे लाईन्समध्ये वाढलो, आता बारा वर्षं जर्मनीत. या विषयात मला मनापासून रस आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

हॉस्टेलची कल्पना एका शाळामास्तरची आहे. रिचर्ड शिरमन नावाचे शिक्षक १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळात सापडले आणि एका गावातल्या शाळेत रात्र काढली. त्यांना वाटलं, सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, तिथे मुलांना झोपायला जागा का देऊ नये? त्यातून १९१२ मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात पहिलं कायमचं युथ हॉस्टेल सुरू झालं. मी मुलाला घेऊन तो किल्ला बघायला गेलो होतो. लाकडी दुमजली खाटा अजून जपून ठेवल्या आहेत. भारतातली युथ हॉस्टेल्स असोसिएशनही जुनीच आहे, आपल्याकडचे कितीतरी ट्रेकर त्यांच्या शिबिरांतून घडले.

पडद्याच्या खोपट्याचं मूळ मात्र जपानचं. वास्तुविशारद किशो कुरोकावा यांनी ओसाकामध्ये १९७९ साली पहिलं कॅप्सूल हॉटेल उभं केलं. शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदारांसाठी ते फार सोयीचं होतं. आपल्या रेल्वेनेही नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रलला तसंच पॉड हॉटेल सुरू केलं.

तुम्ही राहिलात ते या दोन्हींचं मिळून झालेलं आहे. युथ हॉस्टेलकडून बैठक आणि ओळखी, कॅप्सूलकडून पडदा. भारतात ही नव्या धर्तीची हॉस्टेलं २०१३ पासून साखळीच्या रूपात वाढली, आधी जोधपूर-जयपूरकडे, मग हिमाचल, गोवा, वाराणसी. म्हणजे जिथे हिंडायला येणारे एकटे लोक आधीच होते तिथे. सोलापुरात एकटे येणारे लोक आहेत, पण ते हिंडायला येत नाहीत, कामाला येतात. त्यामुळे कोणी साखळीवाला आपणहून येईल असं मला वाटत नाही. गावातल्याच कोणीतरी करावं लागेल.

---

आई_तुळजाभवानी

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा.

आमचा टेम्पो ट्रॅव्हलरचा व्यवसाय आहे. सोलापुरात उतरणारा प्रवासी बहुतेक देवदर्शनाचा असतो. सोलापूर मध्यभागी, एका बाजूला तुळजापूर, एका बाजूला अक्कलकोट, तिकडे पंढरपूर आणि पुढे गाणगापूर. हे लोक कुटुंबाने येतात. आजी, सून, दोन नातवंडं, तान्हं बाळ. त्यांना पहाटे चारला गरम पाणी लागतं, सोवळ्याचं धुतलेलं वाळत घालायला दोरी लागते, आणि आजीला इंग्लिश पद्धतीचा संडास लागतो. शिडी चढून वरच्या बंकवर त्या जाणार नाहीत. अंगावर दागिने असतात, अनोळखी खोलीत झोप लागणार नाही. म्हणूनच देवस्थानांची भक्तनिवासं आधी भरतात. अक्कलकोटला अन्नछत्र मंडळाचं यात्रीनिवास, पंढरपूरला मंदिर समितीचं भक्तनिवास. तिथे थाट नाही, पण माणसाला नेमकं जे लागतं ते आहे.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत सोलापुरात पाय ठेवायला जागा नसते हे खरं. पण ते संक्रांतीचे थोडे दिवस. बाकी वर्षभर बंक कोण भरणार?

---

ताणाबाणा

ताई, राग कशाला. तुम्ही रोज प्रवासी बघता, तुमचं म्हणणं मोलाचं आहे. बंक आजींसाठी नाही हे मला मान्य आहे.

पण वर्षभर सोलापुरात एकटा उतरणारा माणूस मी रोज बघतो. आमच्या कारखान्यातच महिन्याला सात-आठ जण येतात. हैदराबाद, इरोड, इचलकरंजीकडून सुताचे दलाल, मशिनचे मेकॅनिक, रंगाच्या कंपन्यांची पोरं. परीक्षेची मुलं मृणालताईंनी सांगितलीच. दवाखान्यात मोठ्या पेशंटसोबत आलेले नातेवाईक तर वऱ्हांड्यात सतरंजी टाकून झोपतात, त्यांना आंघोळीला आणि चार तास पाठ टेकायला जागा मिळाली तर किती बरं होईल. हे लोक चादरीच्या दुकानांत जाहिरात बघून येणारे नाहीत, पण ते आहेत.

मी राहिलो तिथे सहा बेडची एक खोली पूर्ण कुटुंबाला देत होते, खाली चार साधे पलंग आणि दोनच वर. म्हणजे दोन्ही जमू शकतं.

---

माळवद

गेले दोन दिवस हा धागा वाचतोय आणि झोप लागत नाही.

आमचा जुन्या पेठेत वडिलोपार्जित वाडा आहे. दगडी भिंती, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर). सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असताना आत पंख्यावर निभतं, अशी ती घरं. मी आणि आई दोघेच राहतो, पुढचा सोपा (ओसरी) आणि एक मोठी खोली रिकामी आहे. बिल्डरचे तीनदा फोन आले. आई म्हणते, तुझ्या आजोबांनी इथे दुष्काळात पाहुण्यांना ठेवून घेतलं होतं, हे पाडू नको. मला वाड्यात माणसं यावीत असं फार वाटतं. पण मला यातलं काही कळत नाही. कुठली परवानगी लागते? खर्च कसा धरायचा? जाणकारांनी खरोखर सांगावं, मी करणार आहे.

---

ताळेबंद

सीए आहे, सोलापुरातच. कराचं आणि कागदाचं तेवढं सांगतो.

जीएसटी: २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीला ५ टक्के, पण इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे गाद्या, पंखे, प्लायवूड यांवर भरलेला कर परत वजा होणार नाही, तो खर्चातच धरा. त्याआधी १२ टक्के होता, आणि १८ जुलै २०२२ च्या आधी हजार रुपयांपर्यंतच्या खोलीला माफी होती. जुने हिशेब दाखवून कोणी सांगत असेल तर ते आता लागू नाहीत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. मात्र ऑनलाइन बुकिंगच्या कंपन्यांमार्फत बेड देणार असाल तर तो कर त्यांच्याकडून भरला जातो, ते आधी समजून घ्या.

कागद: महापालिकेचा परवाना, अग्निशमनाचा ना-हरकत दाखला आणि पोलिसांकडची नोंद. माणसं उतरवायच्या जागेची नोंदणी करायचा कायदा १८६७ चा आहे, सराय कायदा. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र आणि रजिस्टर ठेवावंच लागेल. परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, त्यात हयगय नको.

जुन्या वाड्यात अग्निशमनाचा मुद्दा सगळ्यात जड जातो. बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, ते आधी बघा. लाकडी तुळया आणि प्लायवूडचे बंक एकत्र, म्हणून वायरिंग पूर्ण नवीन करा. दहा बेड धरले आणि प्रत्येकाला दोन प्लग, तर रात्री एका वेळी वीस चार्जर. यात पैसे वाचवू नका.

---

कडक_भाकरी

लै भारी धागा आहे दादा.

माळवद, तुम्ही नाश्त्याला ब्रेड-जॅम ठेवू नका, हात जोडून सांगतो. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. कडक भाकरी महिनाभर टिकते, प्रवासात सोबत देता येते, सकाळी चूल पेटवायलाच नको. थंडीत हुरडा. शेंगापोळी एखाद्या दिवशी. पाहुणा बॅगेत चटणी घेऊनच जाईल.

आणि भिंतीवर कुठलंतरी परदेशी चित्र रंगवू नका. आपल्याकडे काय कमी आहे? मी शाळेत असल्यापासून आईसोबत गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज बघायला जातोय. बाराबंदी घातलेली माणसं ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलत चालतात, सगळ्यांची मान वर. ते चित्र लावा. चार हुतात्म्यांची नावं लावा, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले. बाहेरून आलेल्या पोरांना चौकातला पुतळा दिसतो पण नावं माहीत नसतात. चीनमध्ये जाऊन रुग्णसेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचं घर इथं आहे. हत्तरसंग कुडलला शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, म्हणजे इसवी सन १०१८, तिथे न्यायला मी माझी गाडी घेऊन येतो. नान्नजला पण नेतो. पैसे पेट्रोलचे द्या फक्त.

आमच्या घरी कन्नड, शेजारी तेलुगू, शाळा मराठी. पाहुण्याशी बोलायला माणूस लागला तर मी हाय की.

---

आई_तुळजाभवानी

माळवद, तुमचं वाचून मलाही बरं वाटलं. कुटुंबाची खोली कराल तर तळमजल्यावरच करा आणि गरम पाण्याची सोय सोलरची करा, आपल्याकडे ऊन कमी नाही. मी स्वतः येऊन बघून जाईन आणि आवडलं तर प्रवासी पाठवीन. शिफारस मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय करत नाही.

---

माळवद

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी टेप घेऊन मापं घेतली. मोठी खोली १८ बाय २४ फूट. पण उंची फक्त साडेआठ फूट, मधल्या तुळईखाली तर आठच. परसात उघडणारा मागचा दरवाजा आहे, त्याच्यासमोर आईची सरपणाची थप्पी होती, ती आजच हलवली.

---

र्‍हाईनकाठी

साडेआठ फुटांत दुमजली बंक करू नका. वर बसलेल्या माणसाचं डोकं पंख्याला लागेल आणि सोलापुरात पंख्याशिवाय चालणार नाही. आणि वरच्या थरात गरम हवा साचते, माळवदाचा सगळा थंडावा खालच्या लोकांनाच मिळेल. एकाच थराचे बेड करा, मध्ये चार फुटी लाकडी आड आणि पडदा, पंखे भिंतीवरचे, प्रत्येकाला एक. आठ बेड आरामात बसतील. दहाचा मोह होईल, तो टाळा.

---

मृणाल_जो

आठातले चार तरी मुलींसाठी, वेगळ्या दारात. पुढचा सोपा वेगळा करता येत असेल तर तोच मुलींना द्या, आई शेजारीच असतील. आणि आईंना विचारा हो, त्यांना चालणार आहे ना? रोज घरात परकी माणसं येणार.

---

माळवद

विचारलं. आई म्हणाली, "सकाळचा चहा माझ्या हातचा, आणि चपला बाहेर."

---

ताणाबाणा

मग पांघरुणाचं माझ्याकडे. गेले चार दिवस यावरच विचार चाललाय. आपली नेहमीची जड जेकार्ड चादर प्रत्येक पाहुण्यामागे धुवायची तर मशीनला भार, आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. म्हणून वर चादर ठेवायची ती हलक्या वजनाची सुती, आणि तिच्याखाली रोज बदलायचं पातळ पांघरूण. चादर मग आठवड्याला धुतली तरी चालेल, कारण ती अंगाला थेट लागत नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हींना जीआय मानांकन आहे, आणि सोलापुरातच पाहुण्याला पॉलिएस्टर पांघरायला द्यायचं हे मला सहन होणार नाही.

टॉवेल ३८० जीएसएम बघू. साडेतीनशेला लूप आखूड करावा लागतो आणि आपल्या पाण्याला क्षार जास्त, लवकर कडक पडेल. आमच्या मालकांशी बोललो, नमुन्यातून उरलेले बारा द्यायला तयार आहेत.

रविवारी सकाळी सहा चादरी आणि बारा टॉवेल घेऊन वाड्यावर येतो. धुऊन गच्चीत टाकू आणि किती वेळात वाळतात ते घड्याळ लावून बघू. कडक_भाकरी, तुम्ही पण या.

---

कडक_भाकरी

आलोच. पत्ता निरोपात टाका. चटणी आणतो.

---

मृणाल_जो

माझी पुढची परीक्षा फेब्रुवारीत आहे, केंद्र परत सोलापूरच भरलंय. एक बेड माझ्या नावावर लिहून ठेवा. या वेळी बाबांना रजा घ्यायला सांगणार नाही.